घन प्रतिमानन, संगणकसाहाय्यित

घन वस्तूचा आकार तिच्या अंतर्भागासह संगणकात संपूर्ण व नि:संदिग्ध स्वरूपात नोंदविण्याच्या तंत्रास घन प्रतिमानन म्हणतात. ‘नि:संदिग्ध’ या शब्दास येथे नेमका अर्थ आहे. अवकाशातील कोणताही एक बिंदू घेतला असता तो वस्तूच्या आत आहे, बाहेर आहे की पृष्ठावर आहे, याचे एकच उत्तर नोंदीवरून मिळाले पाहिजे. असे उत्तर मिळत असेल, तर वस्तूचे घनफळ, वजन, गुरुत्वमध्य, कोणत्याही प्रतलातील छेद व दोन भाग एकमेकांत घुसतात किंवा काय, ही सर्व माहिती गणिताने काढता येते. कागदावरील आरेखन कितीही सुबक असले, तरी त्यास हा गुण नसतो. ते वाचणाऱ्याच्या कल्पनाशक्तीवर अवलंबून असते. प्रस्तुत नोंदीत या तंत्राचा विकास, महाराष्ट्रात त्याच्या प्राथमिक शिक्षणाची झालेली वाटचाल आणि यवतमाळ जिल्ह्यातील राजूर परिसरातील खाणकामाच्या संदर्भात त्याचे असलेले महत्त्व यांचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : त्रिमितीय वस्तू द्विमितीय कागदावर शास्त्रशुद्ध रीतीने मांडण्याची पद्धत फ्रेंच गणितज्ञ गास्पार मोंझ (१७४६–१८१८) यांनी घालून दिली. मेझ्येर येथील लष्करी अभियांत्रिकी शाळेत किल्ल्यांच्या तटबंदीची उंची ठरविण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे आला. लांबलचक अंकगणिताने सुटणारा हा प्रश्न त्यांनी परस्परांस लंब अशा दोन प्रतलांवरील प्रक्षेपांच्या साहाय्याने सोडविला. पद्धत इतकी उपयुक्त ठरली की, ती अनेक वर्षे लष्करी गुपित म्हणून राखण्यात आली. १७९५ मध्ये पॅरिस येथे मोंझ यांनी या विषयावर जाहीर व्याख्याने दिली व १७९९ मध्ये त्यांचा वर्णनात्मक भूमितीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे १८२२ मध्ये केंब्रिज येथील विल्यम फॅरिश यांनी समलांबिक चित्रणाची पद्धत मांडली. त्यानंतरची सु. दीडशे वर्षे जगभरच्या कारखान्यांतील आरेखन या दोन पायांवर उभे होते.

महाराष्ट्रात हे ज्ञान अभियांत्रिकी शिक्षणाबरोबर आले. पुणे येथे १८५४ मध्ये सुरू झालेला अभियांत्रिकी वर्ग (पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय) आणि मुंबईतील व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट (१८८७, आता वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट) या त्यांतील प्रमुख संस्था होत. तथापि सामान्य विद्यार्थ्यास घनाकृतीची पहिली ओळख अभियांत्रिकी महाविद्यालयात नव्हे, तर शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात होत असे, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. शासकीय रेखाकला परीक्षांपैकी इंटरमिजिएट परीक्षेत कर्तव्य भूमितीबरोबर घनभूमितीचाही समावेश होता. शंकू, लोलक, सूची व वृत्तचिती यांची वरून व समोरून दिसणारी दृश्ये काढणे हा त्यातील पाठ खेड्यापाड्यांतील हजारो मुलांनी कंपास व गुण्या घेऊन गिरविला. घनाचा विचार करण्याची सवय लावणारे एवढे व्यापक साधन राज्यात दुसरे नव्हते.

१९५० मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेखाली औद्योगिक प्रशिक्षण संस्था स्थापन झाल्या. त्यांत यांत्रिकी व स्थापत्य या दोन शाखांचे आरेखक तयार करण्याचे अभ्यासक्रम होते. आरेखनफलक, टी-पट्टी, मिनी ड्राफ्टर, निरनिराळ्या कठिणतेच्या पेन्सिली व ट्रेसिंगचा कागद ही आरेखकाची सामग्री. मूळ आरेखनावरून शाईने ट्रेसिंग काढावयाचे व त्यावरून अमोनियाच्या साहाय्याने प्रती काढावयाच्या, हा कारखान्यांचा नित्यक्रम असे. एका भागात बदल झाला की, तो जितक्या आरेखनांत आला असेल तितकी सर्व आरेखने हाताने दुरुस्त करावी लागत आणि एखादे दुरुस्त करावयाचे राहून गेल्यास चूक थेट यंत्रावर उतरे. पाठ्यपुस्तकांत एन. डी. भट्ट यांचे आणंद येथील चरोतर प्रकाशनाने काढलेले अभियांत्रिकी आरेखनाचे इंग्रजी पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहिले. भारतीय मानक संस्थेच्या परंपरेतील ‘एसपी ४६’ ही शाळा-महाविद्यालयांसाठीची आरेखन-संहिता १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत पहिल्या कोनातील प्रक्षेपाचा स्वीकार केलेला आहे. या पद्धतीत वरचे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली काढले जाते.

रेषेकडून घनाकडे : संगणकाच्या पडद्यावर चित्र काढून त्यात बदल करण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयोग इव्हान सदरलँड यांनी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे केला. ‘स्केचपॅड’ या त्यांच्या प्रणालीवरील प्रबंध १९६३ चा आहे. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेषा काढता येत असे. एवढेच नव्हे, तर दोन रेषा समांतर वा लंब राहिल्या पाहिजेत असे बंधन घातले असता संगणक ते पाळत असे. आजच्या घन प्रतिमाननातील बंधनांची कल्पना येथूनच आलेली आहे. याच सुमारास फ्रान्समध्ये सीत्रोएन कंपनीतील पॉल द कास्तेलजो आणि रनो कंपनीतील प्येर बेझ्ये यांनी मोटारगाडीच्या वक्र पत्र्यांसाठी वक्रांचे व पृष्ठांचे गणित स्वतंत्रपणे विकसित केले.

आरंभीच्या त्रिमितीय प्रणाली तारांच्या सांगाड्यासारख्या होत्या. त्यांत केवळ कडा नोंदविलेल्या असत. त्यांचा दोष असा की, कडांच्या एकाच सांगाड्यातून दोनतीन निरनिराळे घन संभवतात. घनाकार ठोकळ्याच्या सहाही पृष्ठांच्या मध्यभागी चौकोन काढून ते आतील लहान घनाच्या कडांशी जोडले, तर आरपार भोक उत्तर-दक्षिण आहे, पूर्व-पश्चिम आहे की उभे आहे, हे सांगाड्यावरून कळत नाही. कारखान्यात अशी संदिग्धता चालत नाही.

हा प्रश्न १९७० नंतरच्या दशकात दोन वेगवेगळ्या मार्गांनी सोडविण्यात आला. केंब्रिज विद्यापीठात इयन ब्रेड यांनी घनाच्या सीमेची, म्हणजे पृष्ठे, कडा व शिरोबिंदू आणि त्यांचे परस्परसंबंध यांची संपूर्ण नोंद ठेवण्याची पद्धत सिद्ध केली. स्टॅनफर्ड येथे ब्रूस बॉमगार्ट यांनी कडेस मध्यवर्ती धरून अशी नोंद ठेवण्याची रचना दिली. दुसरा मार्ग न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर विद्यापीठात हर्बर्ट व्होल्कर व अ‍ॅरिस्टिडीझ रेकिचा यांनी आणि जपानमधील होक्काइडो विद्यापीठात नोरिओ ओकिनो यांनी अवलंबिला. त्यात ठोकळा, वृत्तचिती, गोल इ. मूळ घन घेऊन जॉर्ज बूल यांच्या तर्कगणितातील संयोग, छेद व वजाबाकी या क्रियांनी हवा तो घन रचतात. संगणकात आकार नव्हे, तर तो रचण्याची कृती साठविली जाते. साध्या संच-क्रियेमुळे कधी कधी घनाला जाडी नसलेले एखादे पान चिकटून राहते. असे अवशेष टाळण्यासाठी या क्रियांना शिस्त लावण्याचे गणिती कार्य रेकिचा यांनी केले व १९८० मध्ये या विषयावरील त्यांचा सविस्तर लेख प्रसिद्ध झाला.

सीमांची नोंद ठेवणाऱ्या पद्धतीत नोंद बरोबर आहे की नाही, हे ऑयलर यांच्या सूत्राने तपासतात. साध्या बहुपृष्ठकात शिरोबिंदूंच्या संख्येतून कडांची संख्या वजा करून पृष्ठांची संख्या मिळविली असता उत्तर २ येते, उदा., घनासाठी ८ − १२ + ६ = २. या घनात आरपार चौकोनी भोक पाडल्यास शिरोबिंदू १६, कडा २४ व पृष्ठे १० होतात आणि वरच्या व खालच्या पृष्ठांवर प्रत्येकी एक अशी दोन आतली कडी येतात. ती वजा केली असता १६ − २४ + १० − २ = ० हे उत्तर मिळते. ते एका आरपार भोकाचे निदर्शक आहे. विद्यार्थ्याने पडद्यावर एक भोक पाडले की, संगणक आतल्या आत हाच हिशोब जुळवीत असतो.

ब्रेड यांच्या सहकाऱ्यांनी केंब्रिज येथे १९७४ मध्ये शेप डेटा ही कंपनी काढली. तिचे ‘रॉम्युलस’ (१९७८) आणि नंतरचे ‘पॅरासॉलिड’ हे गणिती गाभे पुढे अनेक प्रणालींच्या पोटात राहिले. तथापि कारखान्यांत घन प्रतिमानन रूढ झाले ते १९८५ मध्ये सॅम्युएल गाइझबर्ग यांनी स्थापन केलेल्या पॅरामेट्रिक टेक्नॉलॉजी या अमेरिकन कंपनीच्या ‘प्रो-एंजिनिअर’मुळे. तीत प्रत्येक मापास नाव असे व एक माप बदलले की, त्यावर अवलंबून असलेले सर्व आकार व आरेखने आपोआप बदलत. हाताने ट्रेसिंगे दुरुस्त करणाऱ्या आरेखकाच्या दृष्टीने हा खरा क्रांतिकारक बदल होता. १९९४ मध्ये प्रथम उड्डाण केलेले बोइंग ७७७ हे विमान दासो कंपनीच्या ‘कॅटिया’ प्रणालीवर अभिकल्पित झाले. १९९५ मध्ये ‘सॉलिडवर्क्स’ ही प्रणाली साध्या विंडोज संगणकावर चालणारी म्हणून बाजारात आली आणि महागड्या खास संगणकांची आवश्यकता संपली.

महाराष्ट्रातील विकास : या तंत्राच्या केवळ वापरातच नव्हे, तर घडणीतही महाराष्ट्राचा वाटा आहे. मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात (स्थापना १९८५) संगणकीय आलेखिकी व भूमितीय प्रतिमानन यांवर संशोधन झाले. गोदरेज समूहाशी संबंधित ‘जिओमेट्रिक’ ही १९९४ मध्ये कंपनी म्हणून स्थापन झालेली संस्था परदेशी प्रणालींसाठी घटक तयार करून देत असे. घनावरील भोके, खाचा व खोबणी संगणकाला आपोआप ओळखता याव्यात, यासाठीचे तिचे काम विशेष उल्लेखनीय होय. २००२ मध्ये तिने दासो सिस्टिम्स या फ्रेंच कंपनीच्या भागीदारीत पुणे येथे स्वतंत्र कंपनी काढली. पुण्याच्या आय. टी. उद्यानांतील अभियंते ज्या प्रणालीचे भाग लिहीत होते, तीच प्रणाली पिंपरी-चिंचवड व चाकणच्या कारखान्यांत वापरली जात होती. टेल्कोच्या (आता टाटा मोटर्स) पुणे येथील अभियांत्रिकी संशोधन केंद्रात १९९८ च्या ‘इंडिका’ मोटारगाडीच्या कामी संगणकसाहाय्यित अभिकल्पाच्या साधनांचा मोठा उपयोग करण्यात आला.

शिक्षणाची गती मात्र उद्योगांच्या गतीशी जुळली नाही. १९९० नंतर पुणे, मुंबई, नागपूर, नासिक इ. शहरांत खाजगी वर्ग निघाले व ‘ऑटोकॅड’ हा शब्द संगणकावरील आरेखनाचा पर्याय म्हणून बोलीभाषेत रुळला. या वर्गांतून पुष्कळदा शिकविला गेला तो संगणकाच्या पडद्यावरील आरेखनफलकच. रेषा काढावयाच्या, त्या छाटावयाच्या व मापे लिहावयाची. फलकावरील सवयी तशाच पडद्यावर आल्या. घन प्रतिमाननाचे पद्धतशीर प्रशिक्षण औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थांतून मिळे. परंतु विदर्भाच्या पूर्व भागातील तालुक्याच्या गावापासून ती दूर होती. अधिकृत प्रणालींची किंमत लहान संस्थांच्या आवाक्याबाहेर असल्याने अनधिकृत प्रतींवर शिकण्याचा प्रकारही सार्वत्रिक होता. या कोंडीतून मार्ग निघाला तो मुक्त प्रणालींमुळे. ‘ओपन कॅस्केड’ हा गणिती गाभा १९९९ मध्ये सर्वांसाठी खुला झाला आणि त्यावर उभारलेली ‘फ्रीकॅड’ ही प्रणाली २००२ पासून उपलब्ध होत गेली. तिची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाद्वारे मुक्त सॉफ्टवेअरचे ध्वनिचित्रपाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांतून तयार केले. निरनिराळ्या प्रणालींमध्ये घनाची देवघेव करण्यासाठी ‘स्टेप’ हे आंतरराष्ट्रीय मानक १९९४ पासून आहे. त्यामुळे मुक्त प्रणालीवर केलेले काम कारखान्यातील महागड्या प्रणालीत उघडता येते.

प्राथमिक शिक्षणाचा क्रम : प्रणाली कोणतीही असली, तरी पहिले धडे बहुतेक सारखेच असतात. प्रथम एक प्रतल निवडून त्यावर बंद रेखाकृती काढतात व तीवर बंधने घालतात. ही रेखाकृती एका दिशेने वाढविली, म्हणजे कारागिरांच्या भाषेत ‘एक्सट्रूड’ केली, की ठोकळा मिळतो; अक्षाभोवती फिरविली, म्हणजे ‘रिव्हॉल्व्ह’ केली, की लेथवर कातलेल्या भागासारखा आकार मिळतो. त्यानंतर भोके पाडणे, कडा गोल करणे (फिलेट) वा तिरप्या कापणे (चॅम्फर), आतून पोकळ करणे व एकाच आकाराची ओळ वा वर्तुळ मांडणे या क्रिया येतात. शेवटी अनेक भागांची जोडणी करून त्यावरून कागदी आरेखन काढतात. येथे जुना क्रम उलटा झालेला दिसतो. पूर्वी आरेखनावरून वस्तूची कल्पना करीत. आता वस्तूवरून आरेखन निघते.

एक साधे उदाहरण पुरेसे आहे. ६० मिमी. लांब, ४० मिमी. रुंद व २० मिमी. जाड पोलादी ठोकळ्याच्या मध्यभागी १२ मिमी. व्यासाचे आरपार भोक पाडावयाचे आहे. ठोकळ्याचे घनफळ ४८,००० घ. मिमी. व भोकाचे सु. २,२६२ घ. मिमी.; वजाबाकी करता सु. ४५,७३८ घ. मिमी. उरतात. पोलादाची घनता दर घ. सेंमी.ला ७.८५ ग्रॅ. धरल्यास वजन सु. ३५९ ग्रॅ. येते. विद्यार्थ्याने हे उत्तर आधी कागदावर काढावे व मग संगणकाचे उत्तर पाहावे, असा आग्रह धरणारे शिक्षक योग्य तेच करतात, कारण मिमी.ऐवजी इंच किंवा पोलादाऐवजी अ‍ॅल्युमिनियम निवडले गेल्याची चूक केवळ पडद्याकडे पाहून उमगत नाही.

नवशिक्यांच्या चुका बहुधा ठराविक असतात. रेखाकृतीचे टोक किंचित उघडे राहिल्याने घन तयारच होत नाही. भोक २० मिमी. खोल असे सांगितल्याने ठोकळा पुढे ३० मिमी. जाड केला असता ते आरपार जात नाही. ते ‘आरपार’ असेच सांगावयास हवे होते. कडा गोल करण्याची क्रिया फार लवकर केल्यास तिच्यावर अवलंबून राहिलेल्या पुढील क्रिया नंतरच्या बदलात कोसळतात. या चुकांचे मूळ एकच आहे. घन प्रतिमाननात आकाराबरोबर हेतूही नोंदवावा लागतो, आणि भोक मध्यभागी आहे ते योगायोगाने की तसे असलेच पाहिजे म्हणून, हे संगणकाला स्वत:हून कळत नाही. हाताने प्रक्षेप काढण्याचा सराव पार सोडून द्यावा की नाही, याविषयी शिक्षकांत मतभेद आहेत. पडद्यावर घन हवा तसा फिरविता येत असल्याने तो मनात फिरविण्याची गरज उरत नाही, ही सोय नव्हे तर हानी होय, असे मानणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

राजूर परिसरातील खाणकाम : यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर हे गाव चुनाभट्ट्या व दगडी कोळसा या दोहोंमुळे परिचित असून परिसरात ते ‘राजूर कॉलरी’ या नावाने ओळखले जाते. येथील कोळसा वर्धा खोऱ्यातील गोंडवनी खडकांत आढळतो. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर १९७५ मध्ये नागपूर येथे मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी स्थापन झाली व वणी परिसरातील खाणी तिच्याकडे आल्या. ‘राजूर इनक्लाइन’ हे येथील भूमिगत खाणीचे नाव उतरत्या बोगद्यावरून पडलेले आहे.

चुनाभट्टी व खाण ही दोन्ही घन प्रतिमाननाची उत्तम उदाहरणे ठरतात. उभ्या भट्टीचा अर्धा छेद काढून अक्षाभोवती फिरविला की, पोकळीसह संपूर्ण भट्टी मिळते व तीत मावणाऱ्या चुनखडीचा अंदाज काढता येतो. खाण म्हणजे तर मूर्तिमंत वजाबाकीच होय. कोळशाच्या थरात परस्परांस छेदणाऱ्या गल्ल्या खोदून मध्ये खांब राखून ठेवण्याच्या पद्धतीत, समजा, खांबांच्या मध्यांतील अंतर ३० मी., गल्लीची रुंदी ४.५ मी. व उंची ३ मी. आहे. ३० मी. बाजूच्या चौरसातील थराचे घनफळ २,७०० घ. मी. व त्यात उरणाऱ्या २५.५ मी. बाजूच्या खांबाचे सु. १,९५१ घ. मी. म्हणजे सु. ७४९ घ. मी., किंवा सु. २८ टक्के, कोळसा निघाला. राहिलेले खांब वरील छत तोलतात. मातीच्या वा लाकडाच्या ठोकळ्याने जे समजावयास बराच वेळ लागतो, ते पडद्यावरील दोन क्रियांनी विद्यार्थ्याच्या लक्षात येते.

खाणीचा नकाशा सपाट असतो. त्यावर गल्ल्या दुहेरी रेषांनी दाखवून ठिकठिकाणची पातळी आकड्यांनी लिहितात. दोन गल्ल्या एकमेकींवरून जात असतील, तर नकाशावर त्या छेदलेल्या दिसतात. त्यांच्यामधील खडक तीन मीटर आहे की तीस, हे आकड्यांची वजाबाकी करून व छेद पाहूनच कळते. जुन्या, सोडून दिलेल्या गल्ल्यांत पाणी साठलेले असते, तेव्हा ही वजाबाकी जीवनमरणाची ठरते. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळील चासनाला येथे वरच्या जुन्या कामांत साठलेले पाणी चालू खाणीत घुसून सु. ३७५ कामगार मृत्युमुखी पडले. जुन्या-नव्या कामांतील अडथळ्याची जाडी किती, हा प्रश्न स्वरूपत:च घनाचा आहे. वेधन-छिद्रांतून मिळालेल्या माहितीवरून कोळशाच्या थराचे वरचे व खालचे पृष्ठ रचून त्यात सर्व गल्ल्या बसविल्यास ही जाडी कोठेही व कोणत्याही दिशेने मोजता येते. कोल इंडियाची सल्लागार संस्था सेंट्रल माइन प्लॅनिंग अँड डिझाइन इन्स्टिट्यूट हिचे एक प्रादेशिक केंद्र नागपूर येथे आहे व खाणींच्या नियोजनात संगणकीय प्रतिमाने वापरली जातात. नागपूरच्याच विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत खाणकाम अभियांत्रिकीचे शिक्षण मिळते.

मात्र प्रतिमान मूळ मोजणीपेक्षा अधिक खरे असू शकत नाही. राष्ट्रीयीकरणापूर्वीची जी कामे नकाशावर आलीच नाहीत, ती संगणकातही येत नाहीत आणि त्यांच्या जागी अखंड कोळसा रंगविलेला दिसतो. कच्च्या नकाशावरील पुसट रेषा पाहून अनुभवी सर्वेक्षकास येणारी शंका सुबक रंगीत घन पाहून येत नाही. म्हणून संशयास्पद भागाकडे जाताना पुढे लांब छिद्रे पाडून पाहण्याची जुनी दक्षता संगणक आल्यानंतरही टळलेली नाही. कोळसा खाणींविषयीच्या १९५७ च्या विनियमांची जागा २०१७ च्या विनियमांनी घेतली. त्यांतही खाणीचे नकाशे व छेद ठेवण्याची सक्ती कायम आहे.